गोलमधले दसरूभाऊ

दसरूभाऊ धकाते गोलकीपर होते असं सांगितलं की ऐकणारा आधी त्यांची उंची विचारतो. उंची बेताचीच होती. हात मात्र लांब, आणि उभं राहण्याची एक ढब होती. गुडघे किंचित वाकलेले, मान पुढे, ओठ मिटलेले. सायकलच्या दुकानात हवा भरायला थांबले तरी तसेच उभे राहायचे. पवनीत लोक त्यांना लांबून ओळखायचे ते त्यावरूनच.

गोंदिया वेगळा झाला आणि भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्यानंतरची ती वर्षं. मी आसगावचा, घरी धानाची शेती. पवनीला खत-बियाण्यांच्या एका दुकानात कामाला लागलो आणि संध्याकाळी नदीकडच्या मैदानावर खेळायला जायला लागलो. टीमनं मला डाव्या अंगाला मागे उभं केलं, म्हणजे दसरूभाऊंच्या बरोबर पुढ्यात. पुढे बरीच वर्षं मी तिथंच खेळलो. त्यामुळे खेळताना त्यांचा चेहरा मी कमी पाहिला आणि आवाज जास्त ऐकला.

"अरुण, बाजूनं येऊन राहिला."

"अरुण, सोड. माहा आहे."

आवाज कधी चढायचा नाही. दुसऱ्या टीमचे गोलकीपर गोल खाल्ला की पुढच्यांच्या नावानं शंख करायचे. दसरूभाऊ काहीच बोलायचे नाहीत. आमच्या गोलला जाळी नव्हती, दोन सागवानी बल्ल्या आणि वर एक आडवा बांबू. बॉल गोलमधून निघाला की सरळ मागच्या उतारावरून नदीकडे जायचा. कुणी आणायला धावलं तर दसरूभाऊ हात आडवा करायचे. "राहू दे. मी खाल्ला, मी आणतो." मग ते खाली उतरून दिसेनासे व्हायचे, आणि आम्ही मैदानावर कमरेला हात लावून त्यांची वाट पाहत राहायचो. परत येताना बॉल पँटला पुसत, खाली मान घालून यायचे. पण बॉल किक मारून पुढे दिला की मान पुन्हा वर.

घर विणकरांचं. जुन्या वस्तीत दोन खोल्या, त्यातली पुढची खोली सगळी हातमागानंच भरलेली. वडिलांनंतर माग त्यांच्याकडे आला. आमचा कप्तान बंडूभाऊ, त्याचं औषधांचं दुकान होतं, तो पाहुण्या टीमला मोठ्या कौतुकानं सांगायचा, "आमचा गोलकीपर मागावर बसते ना, म्हणून हाताले एवढी चपळाई आहे." दसरूभाऊ हे ऐकून घ्यायचे आणि पाहुणे गेल्यावर म्हणायचे, "मागाचा अन् बॉलचा काही संबंध नाही, बंडू. मागावर बसून फक्त कंबर दुखते."

एकदा भंडाऱ्याच्या सामन्यात नागपूरच्या एका क्लबच्या कोचनं त्यांना पाहिलं. क्लब दुसऱ्या डिव्हिजनचा. पण नागपूरचा क्लब म्हणजे आमच्यासाठी केवढी तरी गोष्ट होती. बंडूभाऊनं पेढे वाटले. दर शनिवारी दसरूभाऊ एसटीनं भिवापूर, उमरेड करत नागपूरला जायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. आम्ही विचारायचो, खेळले का? ते म्हणायचे, "नाही. पहिला आहे ना."

पहिला म्हणजे क्लबचा पहिला गोलकीपर, कामठीचा, उंचापुरा. दसरूभाऊ दुसरे. सामन्याआधी पहिल्याला सराव म्हणून गोलवर बॉल मारायचे आणि सामना सुरू झाला की बाकावर बसायचे, एवढंच त्यांचं काम. दोन हंगाम त्यांनी ते केलं. बाकी खेळाडूंचं असं नसतं. पुढचा दमला, मधल्याच्या पायात गोळा आला, की बाकावरच्याला बोलावतात. गोलकीपर दमत नाही. त्यामुळे दुसरा गोलकीपर नुसता बसतो.

मग पहिल्याला कावीळ झाली. दसरूभाऊ सलग काही सामने खेळले आणि असे खेळले की कोच स्वतः त्यांना एसटी स्टँडवर सोडायला आला. एक पेनल्टी त्यांनी उजवीकडे झेप घेऊन अडवली, ते आम्ही नागपूरहून आलेल्या माणसाकडून ऐकलं. स्वतः ते एवढंच म्हणाले होते, "बरं झालं."

पुढच्या रविवारी दुकानातून सुट्टी घेऊन मी मुद्दाम सोबत गेलो. मैदानावर पोचलो तर पहिला आलेला. डोळे अजून पिवळसर होते, पण बूट बांधून तयार होता. क्लबकडे गोलकीपरची चांगली जर्सी एकच होती, हिरवी, कोपराला गादी लावलेली. ती दसरूभाऊंच्या पिशवीत होती. त्यांनी ती बाहेर काढली. घरी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणली होती. कोच काही सांगायच्या आधीच त्यांनी ती पहिल्याच्या हातात दिली आणि विचारलं, "तब्येत कशी आहे?"

परतीच्या एसटीत मी न राहवून म्हटलं, "भाऊ, काहीतरी बोलायचं होतं. एवढं चांगलं खेळले तुम्ही."

"काय बोलू? जर्सी त्याचीच होती."

उमरेडपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "इस्त्री सुमननं केली. तिले सांगू नको आज बसून होतो म्हणून."

सुमनवहिनींना फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं. पण दसरूभाऊंच्या बाह्यांच्या कोपराला आतून कापसाची गादी शिवून देणं, गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून देणं, हे त्या मन लावून करायच्या. धान कापून झालं की आमच्या आसगावला सामने भरत. शेताच्या दोन बांध्यांमधला मातीचा धुरा खणून जमीन सपाट करायची, पण धानाची धसकटं राहूनच जायची, आणि त्यावर झेप घेतली की अंग सोलून निघायचं. एका वर्षी वहिनी तो सामना पाहायला आल्या. आमच्या घरच्या बायकांसोबत तलावाच्या पाळीवर बसल्या. सामना आम्ही जिंकलो. संध्याकाळी आमच्या ओसरीत चहा पिताना बंडूभाऊनं विचारलं, "कसा वाटला खेळ, वहिनी?"

वहिनींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "सारे तिकडे एकामेकाच्या गळ्यात पडून राहिले होते. हे इकडे एकटेच. कोणी यांच्यापाशी आलंच नाही. मले पाहवलं नाही."

बंडूभाऊ हसला. "अवो, गोलकीपर तसाच असते. जागा सोडून कसा येईन तो?"

"असन," वहिनी म्हणाल्या.

त्यानंतर पवनीत सामना असला की त्या बाकी बायकांमध्ये बसायच्या नाहीत. गोलच्या मागे, उताराच्या तोंडाशी एक दगड होता, त्यावर येऊन बसायच्या. सोबत तांदूळ निवडायचं सूप असायचं. खेळाकडे फारसं पाहायच्या नाहीत. दसरूभाऊही मागे वळून पाहायचे नाहीत. गोल झाला तर बॉल आणायला मात्र दसरूभाऊच जायचे, वहिनींच्या बाजूनं उतरून, बाजूनंच चढून. दोघं तेव्हाही एकमेकांशी बोलत नसत.

नागपूरच्या क्लबनं पुढच्या वर्षी त्यांना तिसऱ्या डिव्हिजनच्या एका टीमला देऊन टाकलं, शेजाऱ्याला शिडी द्यावी तसं. ती टीम सगळ्यांशी हरायची. दसरूभाऊ रविवारी अंगाला माती लागलेले, खरचटलेले परत यायचे आणि चेहरा उजळलेला असायचा. "तिथं मजा आहे, अरुण. दिवसभर काम असते." पण ती टीमही हंगाम संपता संपता मोडली आणि दसरूभाऊंचं नागपूर सुटलं.

तोवर मागाचे दिवस वाईट आले होते. सुताचा माल देणारा व्यापारी महिनोन् महिने फिरकायचा नाही. मुलगी मोठी होत होती. अशात भंडाऱ्याच्या मोठ्या सामन्यांच्या वेळी बातमी आली की नागपूरकडच्या एका कारखान्याचे क्रीडा अधिकारी येत आहेत. कारखान्याच्या टीमला गोलकीपर हवा आहे, आणि जो निवडला जाईल त्याला तिथंच कायमची नोकरी. दसरूभाऊ तेव्हा अशा वयात होते की पुढच्या वर्षी कुणी विचारलंच नसतं. बंडूभाऊनं जाऊन अधिकाऱ्यांची गाठ घेतली. ते म्हणाले, "सामन्यात पाहू. जो चांगला दिसेल तो घेऊ."

सामना तुमसरकडच्या एका टीमशी होता. नवी टीम, मागचे खेळाडू कच्चे. त्यांचा गोलकीपर मात्र उंच, दणकट, बावीस-तेवीसचा. अधिकारी मंडपात खुर्चीवर बसले होते.

मी त्या दिवशी आयुष्यात खेळलो नाही असा खेळलो. माझ्या उजवीकडे पुरुषोत्तम म्हणून एक होता, तोही तसाच. दसरूभाऊंच्या नोकरीचा प्रश्न, म्हणून आम्ही दोघांनी जीव काढून खेळायचं ठरवलं होतं. समोरचा एकही माणूस आम्ही पुढे जाऊ दिला नाही. तिकडे आमचे पुढचे गोलामागून गोल करत होते, आणि तुमसरचा तो पोरगा झेपा घेत होता, उड्या मारत होता, पाचातला एक खात होता आणि चार अडवत होता. दर वेळी मंडपातून टाळ्या पडत होत्या. दसरूभाऊ दुसऱ्या टोकाला उभे होते. त्यांच्याकडे बॉल आलाच नाही.

मध्यंतरात बंडूभाऊच्या ते लक्षात आलं. आम्हाला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "अरुण, पुरुषोत्तम, आपण जिंकलोच आहो. एकदोघाले येऊ द्या गोलपर्यंत. दसरूभाऊले काही करू द्या. साहेब कायले पाहून राहिले मंग?"

दसरूभाऊ पाणी पीत होते. त्यांनी ऐकलं. गडवा खाली ठेवून ते म्हणाले, "असं करू नका. मले दाखवाले बॉल सोडला, तर तो खेळ नाही होत."

"भाऊ, नोकरीचा सवाल आहे."

"आहे ना. मले माहीत आहे."

दुसऱ्या अर्ध्यातही तेच चाललं. शेवटाकडे एकदा तुमसरचा एक पुढचा खेळाडू उजवीकडून निसटला, पुरुषोत्तमला चुकवून आत घुसला. मधे फक्त मी होतो. मी त्याला गाठू शकत होतो. पण माझे पाय थांबले. वाटलं, जाऊ दे याला. मारू दे एक. भाऊ अडवतील, सगळ्यांना दिसेल.

मागून आवाज आला, नेहमीसारखाच, न चढलेला. "अरुण. काढ तो."

मी गेलो आणि बॉल बाहेर काढला. थोड्याच वेळात शिट्टी वाजली.

अधिकाऱ्यांनी तुमसरच्या पोराला बोलावलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला, नाव-गाव विचारलं. पाच गोल खाल्लेला गोलकीपर कारखान्यात लागला. त्यात अधिकाऱ्यांचं काही चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. त्यांना जे दिसलं त्यावरून त्यांनी निवडला, आणि पोरगा खरंच चांगला होता. दसरूभाऊ त्याच्याकडे गेले, हात मिळवला आणि म्हणाले, "डाव्या बाजूले थोडा उशिरा जातोस. बाकी छान." पोरगा त्यांच्या पाया पडला.

परत निघालो तेव्हा जीपमध्ये सगळे जिंकल्याच्या आनंदात होते, पण मोठ्यानं कुणी बोलत नव्हतं. पूल ओलांडल्यावर कारध्याला चहासाठी थांबलो. दसरूभाऊ चहा न घेता नदीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी त्यांचा कप घेऊन गेलो. त्यांनी तो घेतला, फुंकर घातली.

"अरुण."

"हो, भाऊ."

"तुम्ही दोघं आज एवढे चांगले काहून खेळले गा?"

ते हसले. मलाही हसू आलं. ते तसेच पाण्याकडे पाहत चहा पीत राहिले.

पवनीला त्यांच्या दारात मी त्यांना सोडलं. वहिनी उंबऱ्यातच होत्या. निकालाचं त्यांनी विचारलं नाही. दर वेळी विचारायच्या तेच विचारलं.

"किती बॉल आले तुमच्याकडे?"

"एकही नाही."

"मंग चांगलंच झालं ना," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या जिवाला खरोखर बरं वाटलं होतं.

"हो," दसरूभाऊ म्हणाले. "चांगलंच झालं."

आणि आत जाऊन त्यांनी पिशवी खुंटीला लावली.

त्यानंतरही ते खेळत राहिले. पवनीसाठी खेळले, आणि कुठल्या गावाला गोलकीपर कमी पडला तर त्या गावासाठीही. बोलावलं की जायचे. एका सामन्यात पुढच्या खेळाडूचा बूट लागून त्यांच्या उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मोडलं आणि वाकडंच जुळलं. खेळायला त्याची अडचण आली नाही. मागावर आली. ताण्यातला धागा तुटला की बारीक गाठ मारावी लागते, ती त्या बोटाला जमेना. मग वहिनी स्वयंपाक आटोपून मागाशी येऊन बसायला लागल्या. धागा तुटला की दसरूभाऊ थांबायचे, वहिनी वाकून गाठ मारायच्या, माग पुन्हा चालू व्हायचा. दुकानातून घरी जाताना मला त्यांच्या दारातून तो आवाज ऐकू यायचा. थोडा वेळ खटखट, मग शांत, मग पुन्हा खटखट.

वहिनींना पोटाचा आजार निघाला तेव्हा मुलीचं लग्न होऊन ती ब्रह्मपुरीला गेली होती. आजारानं फार वेळ दिला नाही. तेराव्यानंतर आलेल्या रविवारी आमचा सामना होता. येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते आले, जर्सी घातली. कोपराची गादी एका बाजूला उसवली होती. त्या दिवशी त्यांनी दोन गोल खाल्ले. दुसऱ्या वेळी बॉल आणायला उतारावरून खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत. दुसऱ्या टीमच्या कुणीतरी घाई केली, तेव्हा बंडूभाऊनं त्याला नजरेनंच गप्प केलं. मी जावं की नाही या विचारात उतारापर्यंत गेलो. दसरूभाऊ खाली बॉल हातात घेऊन नदीकडे तोंड करून उभे होते. मला पाहून म्हणाले, "येतो. तू जाय जागेवर."

माग त्यांनी त्याच वर्षी उतरवला. गाठ मारायला माणूस ठेवून विणण्यात अर्थ नव्हता, आणि दुसऱ्या कुणी शेजारी बसलेलं त्यांना चाललंही नसतं. पवनीबाहेरच्या एका राइस मिलवर ते फाटकावर राहिले. खेळणं कधी थांबलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. त्यांना कुणी नको म्हटलं नाही. टीममध्ये एक नवा गोलकीपर आला, चांगला होता. एका रविवारी दसरूभाऊ आले ते पिशवी न घेता आले, आणि रेषेबाहेर बसले. 

मी पुढे भंडाऱ्याला स्वतःचं दुकान टाकलं आणि पवनीचं जाणं कमी झालं. काही वर्षांनी मुलाच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेलो, तेव्हा थेट मिलवरच गेलो. दुपारची वेळ. दसरूभाऊ फाटकाजवळ स्टुलावर बसून मोबाइल पाहत होते. केस सगळे पांढरे झाले होते. पत्रिका त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, शर्टाच्या खिशात ठेवली. मग शेजारचं पोतं झटकून म्हणाले, "बस. सामना चालू आहे."

जावयानं तो मोबाइल दिला होता. त्यावर विलायतेतला कुठला तरी सामना होता. पाऊस पडत होता, मैदान चिखलाचं, प्रेक्षक थोडेच, छत्र्या धरून उभे. बोलणारा इंग्रजीत भराभर बोलत होता.

"कोणाचा आहे हा सामना, भाऊ?"

"माहीत नाही. मोठे क्लब नाहीत. मोठ्याइले लई गर्दी असते." त्यांनी पडद्यावर बोट नेलं. "हा पाह्य. गोलकीपर. वय झालं आहे त्याचं. उजव्या पायावर जोर देत नाही. पण जागा कशी घेते पाह्य."

मी पाहिलं. दाढी वाढलेला, पोट सुटू लागलेला एक गोरा माणूस गोलमध्ये उभा होता. मग बॉल दुसऱ्या टोकाला गेला आणि तो पडद्यावरून निघून गेला. तिकडे गोल झाला. खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले. तोच गोल पुन्हा दाखवला, मग दुसऱ्या बाजूनं दाखवला.

"आता याले दाखवत नाहीत," दसरूभाऊ म्हणाले. "थांब जरासा."

आम्ही थांबलो. शेवटी क्षणभर तो दिसला. लांब, एकटा, पावसात. हातमोजे घातलेले हात वर करून तो टाळ्या वाजवत होता. आवाज अर्थातच येत नव्हता. लगेच दुसरं काहीतरी दाखवायला लागले.

"पाह्यलं?" दसरूभाऊंनी विचारलं.

"हो, भाऊ."

धानाचा ट्रक आला. ते उठले, मोबाइल माझ्या हाती देऊन फाटक उघडलं, ट्रक आत घेतला, फाटक लावलं. मला निघायचं होतं. लग्नाला या म्हणालो. "पाहतो," म्हणाले, आणि मोबाइल घेऊन सामना मागे नेऊ लागले. ट्रकपायी मधला भाग हुकला होता.

रस्त्यावर येऊन मी एकदा वळून पाहिलं. ऊन सरळ फाटकावर येत होतं. दसरूभाऊंनी मोबाइल मांडीवर ठेवला होता आणि नीट दिसावं म्हणून दोन्ही तळहातांची सावली त्यावर धरली होती.